पोराच्या हाताखाली इंटर्नशिप

माझ्या मुलानं मला कामावर ठेवलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता आणि मी चव्वेचाळीसची. पगार नव्हता. वर डबाही मीच आणायचा होता, माझा आणि मालकाचा.

बी.कॉम.चं पहिलं वर्ष झालं आणि माझं लग्न झालं. पुढची वर्षं कपाशी, तूर, सासूबाईंच्या गोळ्या आणि पवन यांच्यात कशी गेली ते कळलं नाही. मग पवननं दिग्रसला मंडप-डेकोरेशनचं दुकान टाकलं, ते चालायला लागलं, आणि मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं. वर्गातल्या पोरी मला काकू म्हणायच्या आणि परीक्षेच्या आधी माझ्याकडून लोणचं न्यायच्या. सगळं सुरळीत चाललं होतं. पण शेवटच्या वर्षी कळलं की आता नुसतं पाठ करून भागत नाही. एखाद्या धंद्यात जाऊन प्रत्यक्ष काम शिकायचं, म्हणजे इंटर्नशिप करायची. तिचे क्रेडिट मिळतात, आणि ते नसले की पदवी अडकते.

मी बँकेत विचारलं, विम्याच्या ऑफिसात विचारलं, कापसाच्या दोन जिनिंग मिलमध्ये जाऊन आले. सगळीकडे मला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "पोरगा कुठाय?" पोरगा नाही, मीच आहे म्हटलं की चहा लवकर संपवायला लावायचे.

शेवटी आमच्या ह्यांनी जेवता जेवता सुचवलं, की एवढ्या लोकांच्या पाया पडण्यापेक्षा घरच्याच माणसाच्या पड. पवनच्या घशात घास अडकला. पण आईला नाही म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. त्यानं फक्त एक अट घातली.

"दुकानात मले बाळ्या म्हणू नको."

पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकासमोर मी म्हटलं, "बाळ्या, स्वेटर घातलं का?" तेव्हापासून अर्धं दिग्रस त्याला बाळ्याशेठ म्हणतं. दुसऱ्या दिवशी मला उशीर झाला म्हणून तो सगळ्या मजुरांसमोर मला बोलला. उशीर झाला होता त्याचाच डबा भरताना. मी संध्याकाळी घरी त्याच्या भाजीत मीठ घातलं नाही, एवढंच.

आमच्या इंटर्नशिपवर देखरेख करायला वानखडे सर होते. तिशीतले, बारीक, अतिशय सभ्य. माझ्या उत्तरपत्रिकेवर लाल शाईनं लिहिताना त्यांना संकोच वाटायचा असं मला नेहमी वाटे. सरांनी सांगितलं होतं की नुसतं काम करून चालणार नाही, प्रत्येकानं त्या धंद्यात एक तरी सुधारणा करून दाखवायची. मी लगेच शोधायला लागले. पवनचा धंदा अगदीच अडाणी पद्धतीनं चालायचा. गाड्या भरल्या की तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून ओरडायचा, "हे तिकडे ने, ते इकडे ने," आणि सगळं बरोबर पोचायचं. पोचायचं खरं, पण शास्त्रीय नव्हतं. मी ठरवलं, गाड्यांना रंगीत रिबिनी बांधायच्या. रंग पाहिला की गाडी कुठं जायची ते ड्रायव्हरला कळलं पाहिजे. ओरडणं बंद.

ती सुधारणा दाखवायला मी एक मोक्याचा दिवस निवडला. त्या दिवशी दोन कामं होती. एक बारसं, गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावर, सोनाबाईंच्या नातीचं. त्यांनी गुलाबी फुग्यांची कमान, फुलांनी सजवलेला पाळणा आणि 'आमच्या घरी परी आली' असा मोठा बोर्ड सांगितला होता. दुसरी तेरवी, दिग्रसमध्येच. कापसाचे व्यापारी बबनराव यांच्या आई नव्वदी ओलांडून गेल्या होत्या. तिथे पांढरा मंडप, पांढरी कनात, फोटो ठेवायला टेबल आणि मागे 'भावपूर्ण श्रद्धांजली'चं बॅनर. पवन स्वतः पुसदला एका लग्नाच्या मंडपावर होता. जाताना तो मला म्हणाला होता, "आई, तू काही करू नको." मला वाटलं, आईच्या तब्येतीची काळजी.

सकाळी दोन्ही छोट्या मालगाड्या मी उभी राहून नीट भरून घेतल्या. बारशाच्या गाडीच्या आरशाला लाल रिबीन बांधली, तेरवीच्या गाडीच्या आरशाला पांढरी. ड्रायव्हर अजून चहाच्या टपरीवर होते, त्यांना फोनवर सांगितलं, की लाल रिबीनवाली तांड्यावर, दुसरी बबनरावांकडे. आणि वानखडे सर नेमके त्याच दिवशी पाहणीला येणार होते म्हणून मी घरी साडी बदलायला गेले.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. दसऱ्याला पवननं दोन्ही गाड्यांची पूजा केली होती, आणि तेव्हापासून दोन्ही गाड्यांच्या तोंडावर लाल रिबिनींचे झुबके लोंबत होते!

रवी ड्रायव्हर आधी आला. जवळच्या गाडीत चढला, समोर लाल रिबिनी पाहिल्या आणि तांड्याकडे निघाला. ती गाडी तेरवीची होती. दुसरा आला, त्याला उरलेली गाडी मिळाली, तो उरलेल्या पत्त्यावर गेला. (पांढरी रिबीन दिसली नाही का, असं मी नंतर रवीला विचारलं. तो म्हणाला, "मले वाटलं आरसा पुसाचा कपडा हाय.")

सर आले तेव्हा मी त्यांना रिबिनींची कल्पना समजावून सांगितली. त्यांना ती फार आवडली. ते म्हणाले, चला, प्रत्यक्षच पाहू. मी म्हटलं, तेरवीपेक्षा बारशाला जाऊ, तिथलं काम बघण्यासारखं आहे. सरांच्या स्कूटरवर मागे बसून मी तांड्यावर गेले.

काम बघण्यासारखंच होतं. सोनाबाईंच्या अंगणात दुधासारखा पांढरा मंडप उभा होता. पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्या रांगेत होत्या. पुढे टेबलावर झेंडूचा हार घातलेली रिकामी फोटोफ्रेम, आणि मागे हात जोडलेलं 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

सरांनी बॅनर दोनदा वाचलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "काकू, हे बारसंच आहे ना?"

रवी मंडपाच्या खांबाला टेकून बिडी ओढत होता. त्याला विचारलं, अरे, तुला काही वाटलं कसं नाही? तो म्हणाला, "वाटलं ना. घरी कोणी रडून नाही राह्यलं याचं नवलच वाटलं मले. पण म्हटलं, म्हातारं माणूस असन."

नशिबानं अंगणात कोणी नव्हतं. पुरुष घरामागे स्वयंपाकाच्या चुलीपाशी होते आणि सगळ्या बाया बाळाला घेऊन देवीच्या दर्शनाला गेल्या होत्या. मी रवीला म्हटलं, बॅनर काढ. त्यानं शिडीला हात लावला आणि त्याच वेळी सोनाबाई अंगणात शिरल्या. मागे पंचवीस-तीस बाया. सोनाबाईंना तांड्यात सगळे याडी म्हणतात, म्हणजे आई. उंच बाई, चांदीचे दागिने, आणि चेहरा असा की बैलसुद्धा बाजूला होईल.

अशा वेळी वानखडे सरांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ते धावत जाऊन बॅनरसमोर उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले.

"नमस्कार," ते म्हणाले, "मी कॉलेजातून आलो."

"कॉलेजातून आले ते ठीक हाय," सोनाबाई म्हणाल्या. "हात काहून असे पसरून राह्यले?"

सरांनी हात आणखी ताणले. तोवर बाळाची आई पुढे आली, खांद्यावर बाळ, आणि सरांच्या काखेखालून वाकून तिनं ते दोन्ही शब्द अक्षर-अक्षर लावत मोठ्यानं वाचले. भावपूर्ण. श्रद्धांजली.

सोनाबाईंनी सरांना सोडून माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला क्रेडिट नको होते, पदवी नको होती, फक्त घरी जायचं होतं.

"बाई, हे कोणासाठी आणलं?"

"चुकलं, याडी," मी म्हटलं. "तुमचं तिकडे गेलं, तिकडचं इकडे आलं."

"तिकडे म्हंजे कुठं?"

"तेरवीले."

एका म्हातारीनं कपाळाला हात लावला. कोणीतरी बाळाची दृष्ट काढायला मीठ आणायला पळालं. मला वाटलं, आता बाई माझ्या झिंज्या धरते. पण सोनाबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. सुनेच्या माहेरची माणसं निघाल्याचा फोन आला होता.

"बोंबलाचं मंग," त्या म्हणाल्या. "आधी हे पांढरं झाका."

आणि मग घराघरांतल्या पेट्या उघडल्या. काचांचं भरतकाम केलेल्या ओढण्या, लाल घागरे, रंगीबेरंगी गोधड्या अंगणात येऊन पडल्या. मी बांधत होते, बाया फेकत होत्या, आणि शिडीवर वानखडे सर. सोनाबाई खालून त्यांना हुकूम सोडत होत्या, की मास्तर, तो कोपरा उघडा राह्यला, मास्तर, गाठ नीट मारा. श्रद्धांजलीवर एक मोठी गोधडी गेली. फ्रेम रवीच्या गाडीत गेली आणि हार देवीला. पाहुणे उतरले तेव्हा सगळा मंडप उन्हात झगमगत होता, पांढरं नखाएवढं दिसत नव्हतं. व्याह्यांनी विचारलं, असं डेकोरेशन कुठून आणलं? सोनाबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दिग्रसवरून. नवीन फॅशन हाय."

पाळणा मात्र नव्हता. मग ओढणीची झोळी केली. तिचं एक टोक माझ्या हातात, दुसरं सरांच्या. बाया गाणं म्हणत होत्या, आम्ही दोघं झोके देत होतो, आणि माझ्या पर्समध्ये फोन वाजत होता. पवनचा होता हे मला न बघता कळत होतं. बाळ मात्र गुणी. झोपून गेलं.

कानात नाव सांगून झालं तसं आम्ही निघालो. स्कूटरवर मी बबनरावांचा विचार करत होते. भरदार, मिशीवाले, कमी बोलणारे. आईवर फार जीव. त्यांच्या दारात आज आमच्या दुकानानं गुलाबी फुगे लावले होते. पवननं मेहनतीनं उभा केलेला धंदा, आणि मी तो एका सकाळीत बुडवला. रस्ताभर मी देवाला एवढंच म्हणत होते, मला काय बोलायचं ते बोलू दे, पोराला मारू नये कोणी.

बबनरावांच्या दारात कमान होती. फुगे वाऱ्यावर डोलत होते. 'आमच्या घरी परी आली' हा बोर्ड उतरवून भिंतीशी उलटा ठेवला होता, पण खाली उभ्या माणसांना तो वाचून झालेला दिसत होता. पवन पुसदहून येऊन ओट्याच्या कडेला मान खाली घालून बसला होता. लहानपणी काच फोडल्यावर बसायचा तसा. मी आत पाहिलं.

फोटो ठेवायला टेबल आलं नव्हतं. सजवलेली अशी एकच वस्तू घरात होती. म्हणून कोणीतरी आजींचा फोटो पाळण्यात ठेवला होता! नव्वदीच्या आजी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, चारी बाजूंनी गुलाब. येणारा माणूस हात जोडायचा, फूल वाहायचा, आणि सवयीनं दोरीला जरा झोका देऊन पुढे जायचा.

मी बबनरावांसमोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं की पवनची काही चूक नाही, तो इथे नव्हता, सगळं मी केलं. पवन उठून माझ्या पुढे आला आणि म्हणाला, "काका, दुकान माहं हाय. जे बोलाचं ते मले बोला." एवढे दिवस मालक म्हणून मिरवत होता, पण मालक तो मला तेव्हा वाटला.

बबनरावांनी आम्हा दोघांना हातानं बाजूला केलं. आमच्याआडून त्यांना पाळणा दिसत नव्हता. ते पाळण्यापाशी गेले.

"मायनं मले पाळण्यात पाह्यलं," ते म्हणाले. "मी तिले आज पाह्यलं."

आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या. मला वाटलं, रडतात. पण ते हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत. त्यांना हसताना पाहून त्यांची बहीण हसली, मग सुना, मग तोंडावर पदर घेऊन सगळं घर. बहीण म्हणाली, की मायचा स्वभावच असा होता, रडकं घर तिला कधी खपलं नाही. पवननं माझ्या दंडाला धरलं होतं, ती पकड हळूहळू सैल झाली. मी तिथेच पायरीवर बसले आणि एकटी मी रडले. बबनरावांच्या सुनेनं मलाच पाणी आणून दिलं. तेरवीला घरच्यांनी पाहुणीचं सांत्वन केल्याचं हे दिग्रसमधलं पहिलंच उदाहरण असावं.

रवीनं दुकानातून दुसरं पांढरं सामान आणलं, पण बबनरावांनी फक्त कनात लावू दिली. पाळणा संध्याकाळपर्यंत तिथेच राहिला.

वानखडे सर जेवून निघाले तेव्हा त्यांच्या शर्टाला ओढणीवरची एक काच चिकटलेली होती. मी भीत भीत विचारलं, सर, क्रेडिटचं काय? ते म्हणाले, "काकू, धंद्यात काय काय होऊ शकते ते शिकणं म्हणजे इंटर्नशिप. तुमच्याएवढं या वर्षी कोणी शिकलं नाही. मी धरून." त्यांनी क्रेडिट पूर्ण दिले. पवननंही मालक म्हणून चांगलाच शेरा लिहिला. त्या रात्री मी त्याच्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं, मीठ बरोबर घालून.

मागच्या महिन्यात दुकानात सोनाबाईंचा फोन आला. धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि मंडप आमचाच हवा होता. पवनचा चेहरा फुलला. त्यानं सगळं लिहून घेतलं, आणखी काही पाहिजे का म्हणून विचारलं, आणि मग फोन कानाला लावून माझ्याकडे बघत नुसता हो हो म्हणत राहिला. मी विचारलं, काय म्हणतात?

"मास्तरले पाठव म्हणते," तो म्हणाला. "अन् त्या दिवशी आईले कॉलेजच राहीन, असं पाह्यजो."