डावं चाक त्याचं, उजवं तिचं

चादरवालीने पिकअप गॅरेजच्या दारात उभी केली, तेव्हा मिस्त्री हात पुसत आधीच बाहेर येऊन थांबला होता. पुढच्या चाकांची किरकिर त्याला रस्त्याच्या वळणापासूनच ऐकू आली होती. त्याने चाक काढलं, आत बोटं घातली आणि झिजून नखाएवढा उरलेला ब्रेक पॅड तिच्या तळहातावर ठेवला.

"यावर उतार उतरता रोज? हिंमत आहे."

"अर्धी हिंमत माझी," ती म्हणाली, "अर्धी त्याची."

तो म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. एकेकाळी ती त्याला दादा म्हणायची. आता 'तो' म्हणायची, आणि तेही लांबचं माणूस असल्यासारखं. गल्लीने दोघांना त्यांच्या धंद्यावरून ओळखायचं ठरवलं होतं. डोंगरावरच्या लॉण्ड्रीतून धुतलेल्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे खालच्या लॉजवर पोचवायची म्हणून ती चादरवाली, आणि त्याच डोंगरावरच्या गोदामातून फरशा उतरवायचा म्हणून तो फरशीवाला. गाडी मात्र एकच. वडिलांची. वडील गेले आणि आईने निवाडा दिला: सकाळ हिची, दुपार त्याची.

निवाडा सोपा होता, माणसं सोपी नव्हती. त्याने पहिल्याच आठवड्यात मागच्या फाळक्यावर स्वतःचा मोबाईल नंबर रंगवून घेतला. तिने दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या तुकड्याने शेवटचे आकडे खरवडून टाकले. मग सगळंच वाटलं गेलं. सीटची कव्हरं दोन. ज्याची पाळी त्याने आपलं घालायचं आणि उतरताना काढून न्यायचं. टायरचं भांडण झालं तेव्हा डावे दोन त्याचे, उजवे दोन तिचे असं ठरलं. बोलणं बंद झालं ते त्याच सुमारास. काही सांगायचंच असलं तर आईला मध्ये घालून, समोरासमोर उभं राहून सांगायचं. "आई, त्याला सांग, चावी खिळ्याला लावायची असते." "आई, तिला सांग, खिळा माझ्या बापाने ठोकलाय." बाप दोघांचा एकच होता, हे त्या घरात कुणी बोलून दाखवत नसे.

गाडीचे कागद आईच्या नावावर होते. फाळक्याच्या भानगडीनंतर ती एकदाच बोलली, पण मोजून मापून बोलली. या गाडीवरून आणखी एक तमाशा झाला तर ती गाडी विकणार. फरशीवाल्याने खांदे उडवले. त्याला काय, त्याला कुणीही ट्रकवर घेतलं असतं. हिला कुणी सायकलसुद्धा दिली नसती. सासर सोडून आली तेव्हा तिच्याकडे होतं एवढंच: वडिलांच्या शेजारी बसून शिकलेलं ड्रायव्हिंग आणि लॉण्ड्रीवाल्याचा शब्द. गाडी असेल तर काम आहे, गाडी नसेल तर नाही. गाडी गेली की तिला पुन्हा सासरचा उंबरा, आणि त्या उंबऱ्याआड सासू वाटच बघत बसली होती, जेवायला वाढायला नव्हे.

म्हणून पॅडच्या दुकानात दोघं एकाच वेळी पोचले, तेव्हा चादरवालीने जीभ दाताखाली धरून ठेवली होती. फार वेळ राहिली नाही.

दुकानदाराने काउंटरवर दोन डबे ठेवले. पहिल्यातले पॅड मऊ. थंड असले तरी पाय ठेवताच धरतात, आवाज नाही. पण फार तापले की ढिले पडतात. दुसऱ्यातले कडक. सुरुवातीला आळशी, कुरकुर करणारे, डिस्क खाणारे. पण तापले की सोडत नाहीत. सगळं समजावून झाल्यावर त्याने विचारलं, गाडीत माल काय असतो?

"चादरी." "फरशा."

एकाच श्वासात आलेली दोन उत्तरं ऐकून दुकानदाराने आधी हिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"शेठ," फरशीवाला म्हणाला, "हिला सांगा, चादरी थांबवायला ब्रेक लागत नाही, फुंकर पुरते."

"शेठ, यांना सांगा, पहिल्या वळणावर सकाळी शाळेची पोरं रस्ता ओलांडतात. ब्रेक तापेपर्यंत तिकडेच थांबा, असा बोर्ड लावायचा का?"

"हिला विचारा, दुपारी माझ्या पाठीमागे दीड टन दगड असतो, तो काय पोरं बघून थांबतो?"

"यांना सांगा, माल कमी भरावा. हाव मापात ठेवली की ब्रेक पुरतात."

दुकानदाराने दोन्ही डबे स्वतःकडे ओढले. आपण ब्रेक विकतो, निरोप पोचवत नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं. घ्यायचे असतील तर कुठलेही घ्या, पण एकच जोडी घ्या.

पुढे जे झालं ते दुसऱ्या कुठल्या घरात झालं नसतं. टायरची वाटणी होतीच. उजवं चाक तिचं, डावं त्याचं. मग उजवीकडे तिचे मऊ, डावीकडे त्याचे कडक. कल्पना कुणाची, हे नंतर दोघांनीही एकमेकांवर ढकललं; त्या क्षणी मात्र दोघांनी मान हलवली. एका डब्यात दोन्ही चाकांचे पॅड असतात, तर उरलेल्या अर्ध्या अर्ध्या डब्याचं काय करणार, असं दुकानदाराने विचारलं. "पुढच्या वेळेला," दोघं एकदम म्हणाले. वर्षभरात एवढी एकच गोष्ट त्यांना एका सुरात बोलता आली, आणि ती नेमकी ही.

मिस्त्रीने साफ नकार दिला. एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात गमबूट घालून तुम्ही पळून दाखवा, मग मी बसवतो, म्हणाला. त्याच्या हातून असलं काम होणार नव्हतं. मग काय, पान्हे घरी होते आणि बापाने दोघांनाही शिकवलेलं होतं. गाडी अंगणात घेतली. ती उजव्या चाकाशी बसली, तो डाव्या. मध्ये बॉनेट. जॅक एकच, तो आईच्या हातून इकडून तिकडे फिरला. दोन्ही लेकरं एका गाडीपाशी बसून काम करताहेत हे बघून आईचे डोळे भरून आले. तिला वाटलं, मिटलं एकदाचं. तिला कुणी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चादरवाली भरली गाडी घेऊन उतारावर आली आणि पहिल्या वळणाआधी तिने ब्रेकवर पाय ठेवला. गाडी थांबायच्या ऐवजी वळली. उजवं चाक खिळल्यासारखं धरलं, डावं तसंच फिरत राहिलं आणि पिकअपने समोरून येणाऱ्या दुधाच्या गाडीकडे तोंड केलं. तिने स्टेअरिंग उलटं ओढून धरलं. दोन गाड्यांचे आरसे एकमेकांना घासून गेले. दूधवाल्याने खिडकीतून तिच्या सगळ्या खानदानाची विचारपूस केली. ती बाजूला थांबली. तिने हँडब्रेक ओढला आणि एकच विचार केला: मुद्दाम केलं. डावे पॅड त्याने मुद्दाम नीट बसवले नाहीत.

दुपारी फरशीवाला त्याच उतारावरून आला. अर्ध्या वाटेपर्यंत ठीक होतं. मग गाडी डावीकडे ओढायला लागली, आणि शेवटच्या वळणावर दगडी भिंतीला डावी बाजू घासत थांबली. त्यानेही भिंतीला टेकलेल्या गाडीत बसून एकच विचार केला: मुद्दाम केलं.

संध्याकाळी घरात जे झालं ते शेजाऱ्यांनी कामं सोडून ऐकलं. तिने सांगितलं, डावं चाक धरत नाही, तुझं काम. त्याने सांगितलं, उजवं धरत नाही, तुझं काम. आज आईला कुणी मध्ये घेतलं नाही. वर्षभराचं बोलणं थेट आलं आणि सगळं एकदम आलं. नवऱ्याने टाकलेली, असं तो म्हणाला. मी टाकलाय त्याला, ती म्हणाली, आणि तुला टाकायला तर मला नवरासुद्धा लागणार नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं. एका गाडीला दोन तऱ्हेचे पॅड बसवलेत हे कळलं तेव्हा तिने फक्त कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "उद्या दोघं एका गाडीत बसा. सकाळी ती चालवेल, तू शेजारी. दुपारी तू चालव, ती शेजारी. संध्याकाळी मला एकच सांगायचं, कुठले पॅड. दोन उत्तरं आली तर परवा गाडी गिऱ्हाइकाच्या दारात."

सकाळी तो उठलाच नाही. चादरवालीने खिडकीवर दोनदा थापा मारल्या, आतून उशीत तोंड खुपसून दिलेली एक शिवी ऐकली, आणि एकटीच पहिल्या गिअरमध्ये उतार उतरली. दुपारी मात्र ती बरोबर वेळेवर गोदामाशी उभी होती. चिकटून बसायला नको म्हणून तिने दाराशी अंग चोरलं. फरशा भरल्या गेल्या तशी गाडी मागून खाली बसली.

पहिल्या दोन वळणांपर्यंत तिच्याजवळ बोलायला बरंच काही तयार होतं. तो गिअर उशिरा पाडतो. तो ब्रेकवर पाय ठेवूनच बसतो. मग तिसऱ्या वळणाशी तिला वास आला. जळकट, कडू. तिने मान वाकडी करून त्याच्या पलीकडच्या खिडकीतून खाली पाहिलं. उजव्या चाकातून धूर येत होता. तिच्या चाकातून. तिच्या मऊ पॅडमधून. गाडी डाव्या भिंतीकडे सरकत होती, कारण धरत होतं ते फक्त डावं, फक्त त्याचं. भावाच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्याने गिअर आणखी खाली पाडला, हँडब्रेक अर्धा ओढला आणि खालच्या बाजाराच्या तोंडाशी, लोक बाजूला पळत असताना, गाडी कशीबशी उभी केली.

"बघितलंस?" तो म्हणाला.

ती मनातल्या मनात चाकं बदलत होती. दोन्हीकडे आपले मऊ पॅड असते तर? तर आत्ता आपण दोघं, दीड टन फरशीसकट, बाजाराच्या मधोमध असते. आणि दोन्हीकडे त्याचे कडक असते तर? तर सकाळी थंड गाडी लांब थांबली असती. पण चादरी हलक्या. चालत्या माणसाच्या वेगाने निघता येतं. वळणाच्या बरंच आधी दाबून दाबून पॅड तापवता येतात. तिची सकाळ तिला सांभाळता येण्यासारखी होती. त्याची दुपार कुणालाच सांभाळता आली नसती. हिशोब इतका सरळ होता की तिला संताप आला. बरोबर तो निघाला होता, तेही आळशीपणाने, न बघता, न उठता. सकाळी त्याचे पॅड काय करतात हे त्याला कळलं नव्हतं आणि कधीच कळणार नव्हतं.

घरी आई दारातच बसली होती. फरशीवाला भाषण तयार करून आला होता. त्याने तोंड उघडायच्या आत चादरवाली बोलली.

"त्याचे."

आईला खरं वाटेना. तिने पुन्हा विचारलं. लेक पुन्हा तेच म्हणाली.

फरशीवाल्याचं भाषण वाया गेलं होतं, ते त्याला सहन होईना. "अक्कल आली म्हणायची," तो म्हणाला.

"अक्कल नाही. मला गाडी थांबवता येते, तुला येत नाही. ज्याला येत नाही त्याच्या मापाने पॅड घ्यावे लागतात."

तो आईकडे वळला. "आई, तिला सांग..."

"तुझं तू सांग," आई म्हणाली आणि आत गेली. गाडी विकायचं नाव तिने पुन्हा काढलं नाही, पण अंगणात उभ्या राहिलेल्या त्या दोघांना आत या असंही म्हणाली नाही.

मिस्त्रीने चादरवालीचा मऊ पॅड उजव्या चाकातून काढला. त्याच्या कडा काळ्या पडून तडकल्या होत्या. फरशीवाल्याच्या डब्यातली उरलेली जोडी तिथे बसली, तिच्या पाळीत, तिच्या हजेरीत. भाऊ आला नव्हता. जिंकलेल्या माणसाने यायची गरज नसते.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर निघाली. लॉण्ड्रीच्या फाटकातून बाहेर पडताच तिने गाडी रांगवायला सुरुवात केली आणि ब्रेकवर पाय ठेवला. गाडी ऐकलं न ऐकलंसं करून पुढेच गेली. पुन्हा दाबला. पुन्हा तेच, वर चाकातून एक लांब किंकाळी. काचा वर होत्या आणि केबिनमध्ये कुणी नव्हतं, तेव्हा तिने मनात साठलेलं सगळं मोठ्याने बाहेर काढलं: त्याचा आळस, त्याची झोप, त्याचा फाळक्यावरचा नंबर, लहानपणी मोडलेली तिची पाटी. एक शिवी, एक ब्रेक. पोरांच्या वळणाशी आली तेव्हा पॅड तापले होते आणि गाडी जिथे थांबवायची तिथे थांबली. पोरं समोरून निवांत गेली. एकाने तिच्याकडे बघून हात हलवला.

तिने मान हलवली, गिअर टाकला, आणि शिव्या खालच्या लॉजच्या दारापर्यंत चालूच ठेवल्या.