अक्षताच्या आईला दिलेलं उत्तर

हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही, आणि साडीची किंमत सोडली तर त्याच्यापासून मी काही लपवत नाही. तुम्हाला सांगतेय. का, ते नका विचारू.

भिवंडीतल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. दर शनिवारी कॉलेजच्या मुलांना एक पुस्तक सुचवायचं, त्यावर थोडं बोलायचं — ही टूम माझीच. मुलं वाचायला लागली, माझं कौतुक झालं. आणि मी? मी ती पुस्तकं वाचतच नव्हते. मागचं कव्हर, पहिली चार पानं, बाकी मनचं — झालं भाषण. सगळेच असं करत असतील, नाही का?

शेलार गावची अक्षता रोज यायची, बंद होईपर्यंत खिडकीपाशी वाचत बसायची. एका शनिवारी, मी भाषणात गोष्टीतल्या आईला मारून टाकलं होतं, तेव्हा सगळे गेल्यावर ते पुस्तक घेऊन टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, यातली आई मरत न्हाय. परत येते."

मी हसून म्हटलं, गोंधळ झाला गं माझा. हिला कळलं? की सहज बोलली? पुढच्या शनिवारी दोन मुली कोपऱ्यात खुसखुसल्या — हिनंच सांगितलं असणार! ती पुढे बसली की वाटायचं, मला पकडायला बसलीय. मागे बसली की वाटायचं, लपून ऐकतेय. वेडेपणाच तो. पण तेव्हा मला ती माझी हुशारी वाटायची.

मग एकदा तिची आई आली. वडपे गावच्या गोडाऊनमधली ड्युटी संपवून थेट. "पोरगी सांजंपर्यंत हितंच असते ना, बाई?" इतकंच विचारलं. हो म्हणायचं होतं. खरंच होतं ते.

मी म्हटलं — "येते. पण लवकर निघते. कुठे जाते, मला नाही बाई माहीत."

धडधडीत खोटं. चष्मा पुसत, शांतपणे. त्या बाईचा चेहरा खर्रकन उतरला. ती गेली आणि मला — हेच सांगवत नव्हतं — मला हायसं वाटलं.

आठवड्याभरात अक्षता पुस्तक परत करायला आली. मामा दारात उभा. कॉलेज कायमचं सुटलं होतं; उद्यापासून आईबरोबर गोडाऊनला पॅकिंगला जायचं होतं. रडून डोळे सुजले होते तिचे.

"आय तुमचं नाव घेते," ती म्हणाली. "पन मी तिला बोलली, मॅडम असं न्हाय बोलणार."

मी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले — टोमणा तर मारत नाही ना?

नव्हती मारत. मामाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं खरं बोलले असते, तर त्यानं ते घरी जाऊन सांगितलं असतं. मला ते कळत होतं. मी म्हटलं, "छे गं, मी कशाला असं बोलेन?"

"थँक्यू मॅडम," ती म्हणाली आणि मामाच्या मागोमाग जिना उतरली.