बारा वर्षांच्या मांजरीची लस

आमच्या मांजरीच्या आचळाजवळची कॅन्सरची गाठ काढून वर्ष होत आलं आणि तिच्या लसींची तारीख जवळ आली. मी कामं लिहून एकेकावर रेघ मारणारी बाई, पण या कामावर रेघ मारता येईना. लस दिली आणि तिच्यामुळेच पुन्हा काही उठलं तर? बारा वर्षांचं जनावर, इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावरून कधी खाली न उतरलेलं. यंदा सगळंच राहू द्यावं, असं माझं मन सांगत होतं.

त्यात तिला पिसवा झाल्या. माझे दीर दर रविवारी मखमलाबादच्या मळ्यातून गोणपाटात भाजी आणतात. भाजी निवडून झाली की त्या गोणपाटावर ही ताणून देते. पिसवांचं कळल्यावर पुढच्या खेपेला दीर गोठ्यातली बाटली घेऊन आले.

"वहिनी, लय भारी औषध हाय. गाईच्या गोचिडी पार गळून पडत्यात."

"मांजरीला चालतं का पण?"

"एवढ्या मोठ्या गाईला चालतं, हिला काय होतंय? थेंबभर लावा."

सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "तू डॉक्टरला विचार गं. हा गाईला विचारून आलाय."

म्हणून मांजरीबरोबर बाटलीही दवाखान्यात नेली. डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. पिसवा कुठून आल्या असतील म्हणून मी तिला गोणपाटाचंही सांगितलं. तिनं बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि विचारलं, "हे लावलंत का, ताई?"

"नाही."

"बरं केलंत. गाईला, कुत्र्याला चालणारी काही औषधं मांजरीला विष असतात. झटके येतात, जीवही जातो." मग म्हणाली, "गोणपाटाला तर नाही ना लावलं कुणी?"

हे मला सुचलं नसतं. तिथूनच दिरांना फोन केला. ते खुशीत म्हणाले, "आत्ताच दुसरी बाटली पाण्यात ओतून त्यात बुडवलं, वाळत घातलंय की. रविवारी त्याच्यातच आणतो भाजी." डॉक्टरनं फोन मागून घेतला. "दादा, ते गोणपाट गोठ्यातच राहू द्या. भाजी माणसंपण खातात." दीर पलीकडून म्हणाले, "बरं, टोपलीत आणतो मग." दिरांना असं एका वाक्यात ऐकायला लावणं सासूबाईंनाही जमलेलं नाही.

मग डॉक्टरनं मांजरीचं वजन घेतलं, ऑपरेशनची जागा चाचपली, रक्ताचा रिपोर्ट पाहिला. मी सांगून टाकलं की ही बाहेर जात नाही. त्यावर ती म्हणाली, "बाहेरून घरात काय काय येतं, ते सांगा." गोणपाट, चपला, पाली. जाळी नसलेल्या गॅलरीतून मध्ये एकदा वटवाघूळही आलं होतं. बोलता बोलता माझं मलाच उमगलं की आमचं घर मला वाटत होतं तेवढं बंद नाही.

"रेबीजची तेवढी देऊ. तो झाला तर इलाज नाही, आणि तुम्हालाही होऊ शकतो. बाकीच्या लसी आधी नीट झाल्यात, यंदा थांबू. पिसवांसाठी मांजरीचेच थेंब वापरायचे. जंताचं औषध शी तपासून ठरवू."

"लसीनं गाठ होते म्हणतात."

"क्वचित होते. होणारच नाही, असं मी म्हणणार नाही. म्हणून मानेजवळ न देता मागच्या पायात खाली देते. तिथं काही आलंच तर काढणं सोपं जातं."

घरच्यांच्या आजारपणात मी कितीतरी डॉक्टर पाहिलेत. बहुतेकांनी काळजी करू नका म्हणून वाटेला लावलं. या मुलीनं मात्र काळजी कशाची करायची आणि बोट कुठं ठेवून बघायचं, हे दाखवून दिलं. मी म्हटलं, "द्या."

त्यानंतर रोज सकाळी आमची मांजर बशीत तोंड घालून असते तेव्हा मी तिचा मागचा पाय चाचपते. सुरुवातीला वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं आणि मी चहा तसाच ठेवून डॉक्टरला फोन केला. लसीनंतर असं येऊ शकतं, वाढतंय का ते बघत राहा, म्हणाली. ते विरत विरत गेलं. आज तिथं मऊ कातडी आणि खाली हाडच लागलं. मी अजून थोडं दाबून पाहिलं, तेव्हा तिनं पाय ओढून घेतला आणि बशीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली.