वेल्डन फोर्कची अकरा घरं, भीमनगरची एकशेबारा

किर्ती रोकडेला अमेरिकेतल्या वेल्डन फोर्क गावातल्या प्रत्येक रस्त्याचं नाव पाठ आहे. ती तिथं कधी गेलेली नाही, पासपोर्टसुद्धा नाही तिच्याकडे. पण नेब्रास्का राज्यात, मक्याच्या रानाच्या मधोमध, चारशे बारा माणसांचं हे गाव कसं वसलं ते तिला विचारून बघा. आधी ओढा होता, मग रेल्वे आली, रेल्वेपाठोपाठ धान्याचं उंच कोठार आलं आणि कोठाराभोवती दुकानं. दुकानं बंद पडली तरी कोठार उभं आहे. टेकाडावरच्या स्मशानभूमीत पहिली कबर कुणाची, शाळा कोणत्या साली बंद झाली, पूर किती वेळा आला, सगळं तिला तोंडपाठ.

कारण तेच तिचं काम. आनंदनगर एमआयडीसीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तिचं ऑफिस आहे. तिथं बसून बावीस जण परदेशातल्या लहान लहान गावांचे नकाशे काढतात आणि त्यांच्या इतिहास-भूगोलाची टिपणं लिहितात. खिडकी उघडली की रसायनाचा वास येतो, म्हणून खिडकी बंद. आत किर्ती विमानातून काढलेल्या फोटोवर घराभोवती रेघ ओढते आणि लिहिते: घर, गोठा, शेड, चर्च. अकरा वर्षं हेच चाललंय.

तिसऱ्या वर्षी तिनं एक चूक केली. वेल्डन फोर्कच्या दक्षिणेला, ओढ्याच्या वळणावर पत्र्याची अकरा लांबट घरं होती. फोटोत एकाही दारात गाडी नव्हती. अमेरिकेत घर आहे आणि दारात गाडी नाही, म्हणजे जनावरांचे गोठे असणार, असा हिशेब करून तिनं अकराच्या अकरा गोठे लिहून टाकले. महिन्याभरानं ग्रूट नावाच्या ऐंशी वर्षांच्या बाईंचं दोन पानी पत्र आलं. फोटो काढला तो त्यांच्या जत्रेचा दिवस होता. सगळी वस्ती गाड्या घेऊन जत्रेला गेली होती. शेवटी बाईंनी लिहिलं होतं, इथं माझी तीन मुलं वाढली, तुमच्या नकाशानं त्यांना जनावरं केलं.

एका म्हातारीच्या पत्रानं सगळी कंपनी हलली. तिकडच्या साहेबानं इकडच्या साहेबाला झापलं, इकडच्या नरेंद्र सरांनी किर्तीला. चार दिवसांत नकाशा दुरुस्त झाला, वर माफीचं पत्रही गेलं. किर्तीनं तेव्हा एका पिवळ्या कागदावर लिहून कम्प्युटरच्या कडेला चिकटवलं: घर रिकामं लिहिण्याआधी विचार, त्या दिवशी माणसं कुठं होती? तो कागद अजून तिथंच आहे, कडा काळ्या पडल्यात.

आता किर्तीच्या स्वतःच्या गावाकडे या. बदलापूरकडून आत गेलं की दांडवली लागतं. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्यापलीकडे भीमनगर. एकशेबारा घरं, बहुतेकांवर पत्रे. ओढ्यापलीकडे का, हे काय सांगायचं? वस्तीला कधी गावात राहू दिलं होतं म्हणून? छप्पन साली बौद्ध झाले तेव्हा चौदा घरं होती. एकसष्ट साली त्यांनी आपली विहीर आपण खणली, कारण गावच्या विहिरीवर पोहरा टाकायची मुभा नव्हती. चौऱ्याहत्तरला विहार बांधला. पुढं कारखाने आले, शेतमजुरी सुटली, माणसं पाळीला जायला लागली. दोन हजार पाचच्या पुरात विहिरीच्या कठड्याला धरून सतरा जण वाचले. हे कुठं लिहिलंय? कुठंच नाही. वेल्डन फोर्कच्या बंद पडलेल्या लोहाराच्या दुकानावर किर्तीनं अर्धं पान लिहिलंय, आणि ज्या विहिरीनं तिच्या आईला वाचवलं तिच्यावर एक ओळ नाही.

ऑगस्टमध्ये भागाचा नवा विकास आराखडा जाहीर झाला. किर्तीनं सवयीनं तो कम्प्युटरवर मोठा करून बघितला. ओढा होता, दांडवली होती. ओढ्यापलीकडे राखाडी चौकोन होता आणि त्यावर लिहिलं होतं: कुलूपबंद शेड, वापरात नाहीत. आरक्षण, ट्रकतळ.

तिला आधी वाटलं आपण चुकीच्या जागी बघतोय. पुन्हा ओढ्यावरून बोट फिरवलं. चूक नव्हती. आराखडा मंजूर झाला तर भीमनगर कागदावर कधी नव्हतंच, आणि नसलेली वस्ती उठवायला कुणाची परवानगी लागत नाही.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. पण रागातही अकरा वर्षांची सवय सुटत नाही. आराखड्यासोबत पाहणीचे फोटो जोडलेले असतात, ते तिनं उघडले. एका रांगेतली दारं, प्रत्येकाला कुलूप. कोपऱ्यात तारीख. सहा डिसेंबर.

आता मला सांगा, सहा डिसेंबरला बौद्ध वस्तीत कोण सापडणार? बाबासाहेबांना अभिवादन करायला अख्खं भीमनगर आदल्या दिवशीच दादरला गेलेलं असतं. तान्ही बाळं, म्हातारी माणसं, आजारी माणसं, सगळे. हे शेजारच्या दांडवलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरी करणाऱ्या माणसाला ठाऊक नाही? आणि फोटोत, दारांच्या मागे, विहारावरचा निळा झेंडा चांगला हातभर दिसत होता. तो बघूनसुद्धा शेड लिहिलं.

मग किर्तीला ग्रूटबाई आठवल्या. हेच तिनं केलं होतं. तिकडे ती जत्रा होती, इकडे हे. तिला स्वतःचीही चीड आली. पण तिची चूक चार दिवसांत दुरुस्त झाली होती, आणि ती सातासमुद्रापलीकडे बसली होती. हा माणूस तर दारात उभा होता.

हरकत द्यायला तीस दिवस. किर्तीनं भीमनगरचं टिपण तयार केलं, अगदी वेल्डन फोर्कचं करायची तसं. वसाहत कधी, पाणी कुठून, रस्ता कोणता, पूर कोणत्या साली. मतदारयाद्या, शाळेचे दाखले, विजेची बिलं, विहिरीच्या कठड्यावर कोरलेल्या सालाचा फोटो. जुनं सगळं तिनं कौसाबाईंना विचारून लिहिलं. कौसाबाई तिची आत्या, वय अठ्ठ्याहत्तर. नवरा गेल्यावर माहेरी परतली ती कायमची. दहा वर्षांची असताना वडिलांच्या खांद्यावरून तिनं बाबासाहेबांची अंत्ययात्रा पाहिली होती, आणि त्यानंतर एकही सहा डिसेंबर चुकवला नाही. बाळंतपणात नाही, हात मोडला होता तेव्हाही नाही.

टिपण चाळीस पानांचं झालं. नगररचना कार्यालयाच्या खिडकीतल्या कारकुनानं न उघडताच त्यावर आवक शिक्का मारला. पुढं चार हेलपाटे. साहेब मीटिंगमध्ये, साहेब साइटवर, साहेब जेवायला. ऑक्टोबरमध्ये एकदाची सुनावणी लागली. किर्ती आत्याला घेऊन गेली.

साहेब तसे वाईट बोलत नव्हते. असल्या माणसांचा राग जास्त येतो. चाळीस पानं त्यांच्यासमोर होती, पहिलं पान सोडून उलटलेली नव्हती.

"मॅडम, हे बिल वगैरे ठीक आहे. पण प्रत्यक्ष पाहणीत तिथं कुणी राहत असल्याचं आढळलं नाही."

"साहेब, ही माझी आत्या. ही तिथं राहते. तुमच्यासमोर बसलीय."

"मी कागदाचं बोलतोय. आमच्या माणसाला एकशेबारा दारांना कुलूप दिसलं. तुम्ही सगळे गेला होतात कुठं?"

"दादरला," कौसाबाई म्हणाल्या.

"सगळे?"

"सगळे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग मागं एखाद-दुसरा माणूस ठेवायचा ना."

किर्तीच्या डोक्यात तिडीक गेली, पण आवाज तिनं चढवला नाही. "साहेब, गणपतीत तुमची निम्मी बिल्डिंग कोकणात जाते. त्या आठवड्यात कुणी येऊन तुमच्या घराला गोदाम लिहिलं, तर चालेल? तुम्ही मागं माणूस ठेवता?"

साहेब हसले. ते हसणं किर्ती विसरलेली नाही. मग त्यांनी कम्प्युटरकडे बघत शेरा लिहिला: फेरपाहणी करावी. पाहणीची तारीख छापून आली. किर्तीनं कागद वाचला आणि तिथंच उभी राहिली. सहा डिसेंबर.

"साहेब, ही तारीख बदला. आत्ताच सांगितलं ना तुम्हाला."

"तारीख सिस्टीम देते मॅडम. ती चुकली तर फाइल तशीच पुढं जाईल. त्या दिवशी थांबा की घरी, एक वर्ष दादरला नाही गेलं तर काय बिघडतं?"

अहो, बिघडतं काय? सदुसष्ट वर्षांत जी बाई एकदा चुकली नाही तिच्या तोंडावर हे म्हणायचं, आणि वर मॅडम म्हणायचं. किर्ती काही बोलायच्या आत कौसाबाई उठल्या आणि काठी टेकत बाहेर गेल्या.

विहारात बैठक बसली. काहीजण म्हणाले, यंदा राहू या, घर वाचलं तर पुढच्या वर्षी जाऊ. हे ऐकून बायका भडकल्या. कोणी म्हणालं मोर्चा काढू, कोणी म्हणालं ओळखीच्या माणसाकडून तारीख फिरवू. तारीख फिरवण्यासाठी पुढं आणखी तीन हेलपाटे झाले आणि वाटाण्याच्या अक्षता मिळाल्या. शेवटी डिसेंबर उजाडला तेव्हा कौसाबाई म्हणाल्या, "तुम्ही जा समदे. मी राहते. म्हातारी एक दिसली तरी बास झालं त्यास्नी."

ग्रूटबाई एकट्याच होत्या, हे किर्तीच्या मनात आलं. एका म्हातारीवर तिकडचा नकाशा बदलला होता. पण इकडे म्हातारीनं आपला एकुलता एक दिवस भरपाई म्हणून द्यायचा? का? चूक कुणाची?

"आत्या, तू जायचंस," ती म्हणाली. "मी राहते. आणि यंदा कुणी कुलूप लावायचं नाही. दारं सताड उघडी ठेवून जायचं."

उघडं घर टाकून जायचं म्हणजे काय, हे त्या पत्र्याच्या घरांत राहणाऱ्यांनाच कळतं. बायकांची जोडवी, पोरांची शाळेची कागदं, गॅसची टाकी, सगळं आतच. पण पाच डिसेंबरला दुपारी वस्ती निघाली तेव्हा एकशेबारा कुलपं विहाराच्या पायरीवर ढिगानं पडली होती. किर्तीचा हा आयुष्यातला पहिला चुकलेला सहा डिसेंबर. सकाळी तिनं विहारात एकटीनं मेणबत्ती लावली आणि वंदना म्हटली.

अकराच्या सुमाराला सर्व्हेअर आले. हरिचंद्र नाव, पन्नाशीचे, हातात टॅब. वस्तीच्या तोंडाशी ते थबकले.

"मागच्या वर्षी पण मीच आलो होतो," ते स्वतःहून म्हणाले. "तीन-चार कड्या वाजवल्या होत्या ताई. कुणी नव्हतं."

"यंदाही कुणी नाहीये," किर्ती म्हणाली. "चला आत."

"आत कशाला? बाहेरून दोन-चार फोटो घेतो. वस्ती आहे, दिसतंय ना."

"मागच्या वर्षी बाहेरूनच घेतले होते."

तिनं पहिल्या घरात नेलं. चुलीवर झाकलेलं पातेलं, दोरीवर ओला टॉवेल, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. हे सोमा पवारांचं. वडील विहीर खणणाऱ्या चौदा जणांतले, मुलगा रंगाच्या कारखान्यात. लिहा. दुसरं घर राजाबाईंचं, पुरात सून आणि नातू याच माळ्यावरून काढले. लिहा. तिसऱ्यात दप्तर होतं, वहीवर नाव स्वप्नाली, इयत्ता सातवी. लिहा. हरिचंद्र सुरुवातीला नुसती खूण करत होते. दहाव्या घराशी नावं टाइप करायला लागले. विसाव्या घरात पाटावर झाकून ठेवलेली भाकरी होती, परतल्यावर खायला, ती बघून त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि पुढच्या प्रत्येक दारात काढत गेले.

चाळिसावं घर कौसाबाईंचं. खाट, औषधाची डबी, काठीची रिकामी खुंटी. किर्तीनं सगळं सांगितलं, अंत्ययात्रेचंही. आणि सुनावणीत साहेब काय म्हणाले तेही शब्दन् शब्द सांगितलं.

हरिचंद्रांनी कपाळ पुसलं. ऊन चढलं होतं. "ताई, कळलं मला. खरंच कळलं. वस्ती आहे असा शेरा मारतो. आता बास करू या, पुढचं मी भरून घेतो ऑफिसात बसून."

"ऑफिसात बसून घरं कशी भरतात ते मला माहितीय," किर्ती म्हणाली. "मीपण तेच करते. अजून बहात्तर आहेत."

ती पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली. हरिचंद्रांनी खाली वाकून चपला हातात घेतल्या आणि तिच्या मागोमाग एकेचाळिसाव्या घराकडे निघाले.