मयत भागधारकांचा ओटीपी

नाव : श्रीमती शुभांगी संदीप ठुबे. वय : चौतीस. शिक्षण : बी.कॉम. पदनाम : प्रमुख, भागधारक अभिलेख व अंकीय व्यवस्थापन विभाग. आस्थापना : मूगराज शेतकरी उत्पादक कंपनी, तालुका पारनेर. कर्तव्ये : कंपनीच्या तीनशे शहाऐंशी भागधारकांच्या नोंदी अचूक, अद्ययावत व सुरक्षित राखणे.

सदर विभाग गोदामात, मूग चाळायच्या यंत्राला लागून आहे. यंत्र चालू असलं की विभागप्रमुखांशी ओरडून बोलावं लागतं.

शुभांगीला ‘अंदाजे’ हा शब्द चालत नाही. जन्मतारीख विचारल्यावर एका म्हाताऱ्यांनी “दुष्काळाच्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी” असं सांगितलं, तेव्हा तिने बावन्नचं पंचांग मिळवून तारीख काढली. म्हातारे त्यामुळे दोन वर्षांनी तरुण झाले आणि घरी जाऊन भांडले.

वार्षिक सभेच्या आत सगळं रजिस्टर संगणकावर घ्या, असं नगरच्या सीएंनी कळवलं. तिने ते एकोणीस दिवसांत घेतलं. सॉफ्टवेअर ज्याच्या त्याच्या मोबाईलवर ओटीपी पाठवतं. तो सांगितला की नोंद पक्की. तीनशे पंचेचाळीस जणांचं सुरळीत झालं. उरलेल्या एक्केचाळीस घरी फोन मुलगा, सून नाहीतर नातू उचलायचा.

“भागधारकांना द्या जरा.”

“ते वारले.”

“कधी?”

“चौऱ्याण्णवला.”

कंपनी स्थापन झाली दोन हजार सोळात. म्हणजे एक्केचाळीस जणांनी निधनानंतर शेअर घेतले होते आणि दरवर्षी सभेची गणसंख्या भरायला हातभारही लावला होता. यात कुणाची लबाडी नव्हती. अर्जावर ‘सातबाऱ्यावरील नाव’ असा रकाना होता. सातबाऱ्यावर बाप नाहीतर आजा अजून नांदत होता, वारसनोंद राहूनच गेली होती, आणि सातबाऱ्यावर नाही ते सरकारी दिसणाऱ्या कागदावर लिहायची हिंमत आपल्याकडे कुणी करत नाही.

त्या एक्केचाळिसांत बनुबाई होत्या. खरं तर त्यांचे सासरे होते. बनुबाई दरसाल कंपनीला मूग घालतात आणि सभेत पहिल्या रांगेत बसतात. यंदा त्यांनी संचालकपदासाठी अर्ज भरला होता. ती जागा आठ वर्षं बजरंगरावांकडे होती. मतदारयादी शुक्रवारी बंद व्हायची. यादीत नाव नसेल त्याला मतही नाही आणि उमेदवारीही नाही.

बुधवारी बजरंगराव गोदामात आले. बनुबाई तिथेच पोत्यावर बसलेल्या होत्या.

“बाईंना माझा विरोध न्हाई, ताई,” ते शुभांगीला म्हणाले. “पन भागधारक त्यांचे सासरे हायेत. अर्ज त्यांनी भरावा.”

“मग त्यांना बोलवाय तूच जा,” बनुबाई म्हणाल्या. “यायला उशीर झाला तरी चालंल.”

शुभांगीने पत्र्याच्या पेटीतून दोन हजार सोळाचे मूळ अर्ज काढले. बनुबाईंच्या अर्जावर वर नाव सासऱ्यांचं होतं. खाली फोटो बनुबाईंचा, सही बनुबाईंची, पासबुकाची झेरॉक्स बनुबाईंची.

“अर्ज यांनीच केलाय, नाव तेवढं चुकलंय,” ती म्हणाली. “मंडळाने ठराव केला की दुरुस्त होईल.”

“असं दुरुस्त करत बसलं तर रजिस्टर ठेवायचं कशाला? ज्याचं नाव त्याचा शेअर.”

“ठीक.” शुभांगीने संगणकावर काहीतरी शोधलं. “अण्णा, तुमचे आजोबा कधी गेले?”

यंत्र चालू होतं, त्यामुळे बजरंगरावांना ऐकू न येण्याची सोय होती. शुभांगीने उठून यंत्र बंद केलं आणि प्रश्न पुन्हा विचारला.

“त्यांचं काय आता?”

“शेअर त्यांच्या नावावर आहे.”

बजरंगरावांनी अर्ज हातात घेतला. फोटो त्यांचाच होता, मिशा काळ्या होत्या तेव्हाचा.

“म्हंजे आठ वर्सं संचालक आजोबा व्हते व्हय,” बनुबाई म्हणाल्या. “लई गप मानूस. आमाला कदी तरास दिला न्हाई.”

गुरुवारी संचालक मंडळ बसलं. अध्यक्ष रंगनाथराव नियमांवर बोलायला उभे राहिले, तेवढ्यात शुभांगीने यादी पुढे सरकवली. यादीत पंधराव्या क्रमांकावर अध्यक्षांचे वडील होते. रंगनाथराव खाली बसले. सीएंनी फोनवरून मसुदा सांगितला : मूळ अर्जावर ज्याचा फोटो आणि सही, तोच भागधारक, एक्केचाळीसही नोंदी त्याप्रमाणे दुरुस्त कराव्यात. ठराव अकरा मिनिटांत एकमताने मंजूर झाला. सूचक बजरंगराव.

शुक्रवारी दुपारी शेवटचा ओटीपी बनुबाईंचा आला. त्यांनी तो खणखणीत वाचून दाखवला, मग शुभांगीच्या हातून माउस घेतला आणि ती दाखवील तिथे स्वतः दाबला. तीनशे शहाऐंशीच्या तीनशे शहाऐंशी नोंदी पक्क्या झाल्या, सगळ्या हयात माणसांच्या.

रविवारी सभेत मतदान झालं. बनुबाईंना एकशे चौऱ्याहत्तर मतं पडली, बजरंगरावांना एकशे एकतीस. मोजणी शुभांगीने दोनदा केली. तिने स्वतः मत दिलं नाही. ती कंपनीची भागधारक नाही.