गुंडाप्पाचे दोन लाल ठिपके

लोहाऱ्याच्या एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत गुंडाप्पाचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे चित्रीकरण करायचे, लॅपटॉपवर ते जोडून त्यात गाणी घालायची आणि पेनड्राइव्ह वधूपित्याच्या हाती द्यायचा, हा त्याचा धंदा. वडिलांच्या हयातीपर्यंत घरात मेंढरे होती. मेंढरे गेली, त्यांची खूण मात्र घरात राहिली. प्रत्येक मेंढराच्या डाव्या कानामागे लाल रंगाचे दोन ठिपके असत.

लग्नघरी चार कॅमेरेवाले एकाच बोर्डावर चार्जर लावतात आणि निघताना कोणाचा कोणाच्या पिशवीत गेला हे कळत नाही. म्हणून गुंडाप्पा आपल्या प्रत्येक वस्तूवर बायकोच्या नेलपॉलिशने ते ठिपके देतो. लॅपटॉपसाठी जास्त मेमरीचा मोठा रॅम घेतला, तेव्हा त्या बोटभर पट्टीच्या पाठीवरही, जिथे ते पुन्हा कोणाला दिसणार नव्हते, त्याने ठिपके दिले होते.

"आता ह्याला चरायला कोण नेतंय?" बायको म्हणाली होती.

उन्हाळ्यात कीबोर्डची काही बटणे बसली. त्याच गल्लीत रुद्रेशचे दुरुस्तीचे दुकान होते. गुंडाप्पाने विश्वासाने लॅपटॉप तिथे टाकला, नव्या कीबोर्डसह परत आणला, आणि त्याच आठवड्यात पहिल्यांदा पडदा निळा झाला. लग्नाची फिल्म अर्धी तयार व्हायची आणि सगळे थांबून निळ्या पडद्यावर पांढरा उदास चेहरा उमटायचा. मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचे. केलेले काम गेलेले असायचे.

त्याने विंडोज नव्याने टाकले. पंख्यातली धूळ काढली. ड्रायव्हर बदलून पाहिले. निळा पडदा येतच राहिला. दरम्यान दुरुस्तीच्या जोडीला लग्नाच्या सुपाऱ्याही घेऊ लागलेला रुद्रेश चहाच्या टपरीवर सांगू लागला, "अण्णाच्या लॅपटॉपात लग्न घातलं की निळं होऊनच निघतंय." लोक हसले. माकणीच्या कुमार पाटलांनी मुलीच्या, प्रतीक्षाच्या लग्नाचे काम गुंडाप्पाला दिले होते; त्यांनी फोन करून ते काढून घेतले आणि रुद्रेशला दिले. माकणी म्हणजे गुंडाप्पाचे आजोळ. तिथून नकार आल्यावर आसपासच्या गावांत त्याला कोण बोलावणार होते?

त्या दुपारी त्याने मेमरीची तपासणी लावली. चुका येत गेल्या. रॅमचे पाय खोडरबरने घासले की कधी कधी तो सुधारतो, म्हणून त्याने मागचे झाकण उघडले, पट्टी काढली आणि घासण्यासाठी उलटी केली. पाठ कोरी होती.

त्याने ती तशीच परत बसवली. मग झाकण लावले आणि घरी जाऊन आईला, सिताबाईला, सांगितले. कोणाकडे तक्रार करायची हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. त्यांच्या घराण्यात एक रीत होती. चोरीचे मेंढरू सापडले, तर मालकाने ते हाकून आणायचे नाही. चोराने ते खांद्यावर घेऊन, दिवसाउजेडी, लोकांमधून मालकाच्या दारात आणून सोडायचे.

"बाजाराच्या दिवशी जाऊ," सिताबाई म्हणाली.

आठवडी बाजाराला रुद्रेशच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. दर्शनी टीव्हीवर त्याने केलेल्या लग्नांचे तुकडे चालू होते. ते त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवरून येत, आणि लग्नाच्या फिल्मला मोठा रॅम लागतो हे गुंडाप्पाला ठाऊक होते. गुंडाप्पा गर्दीत शिरला आणि अगदी नरमाईने म्हणाला, "रुद्रेश, माझं लई निळं व्हायलंय. तुझं कसं चालतंय रे एवढं?"

"रॅम, अण्णा. सगळा खेळ रॅमचा हाय."

"मग तसलाच दे एक. पण आधी तुझा दाव. डोळ्यानं बघून घेतो."

रुद्रेशला गिऱ्हाइकांसमोर मिरवायचे होते, शिवाय एक पट्टी विकायची होती. काळ्या पट्ट्या सगळ्या सारख्याच, हा त्याचा हिशेब; पट्टीची पाठ त्याने कधी निरखली नव्हती. त्याने लॅपटॉप बंद करून उघडला, पट्टी काढली आणि गुंडाप्पापुढे धरली. गुंडाप्पाने हात पुढे केला नाही. त्याच्या मागून सिताबाई म्हणाली, "लेकरा, उलटी कर जरा."

रुद्रेशने उलटी केली.

"हे आमचं हाय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

"मावशी, अशे डाग तर कुठं बी पडत्यात."

गुंडाप्पाने खिशातून बॅटरी काढून काउंटरवर ठेवली, शेजारी चार्जर, शेजारी मेमरी कार्ड. प्रत्येकावर तेच दोन ठिपके. दुकानातला माणूस न् माणूस ते वाकून पाहू लागला. त्या गर्दीत बाजाराला आलेले कुमार पाटीलही होते.

"मी घेऊन जाणार न्हाय," गुंडाप्पा म्हणाला. "तूच आण. खांद्याला लावून आण."

बाजाराने भरलेल्या गल्लीतून रुद्रेश खांद्यावर बोटभर पट्टी धरून चालला आणि त्याच्यामागे हसणारी माणसे. स्टुडिओत गुंडाप्पाने त्यालाच ती बसवायला लावली. रुद्रेश उठू लागला, तसा तो म्हणाला, "बस. तपासणी व्हायची हाय अजून."

मेमरीची तपासणी हळू चालते. टक्का चढतो, थांबतो, पुन्हा चढतो. समोरच्या बाजूला रुद्रेशच्या दुकानात गिऱ्हाइके येऊन परत जात होती आणि ते त्याला बाकावरून दिसत होते. गुंडाप्पाने चहा मागवला, पण एकच. बाजार उठेपर्यंत तपासणी संपली. चूक एकही नव्हती.

"माफ करा, अण्णा."

"खराबवाली माझ्याकडंच ऱ्हाऊ दे," गुंडाप्पा म्हणाला.

कुमार पाटलांचा फोन त्याच संध्याकाळी आला. "टपरीवर बसून मला काम द्या," गुंडाप्पाने सांगितले. "काढून घेतलं तवा तिथंच कळलं हुतं सगळ्यांला." पाटील दुसऱ्या दिवशी टपरीवर येऊन बसले.

प्रतीक्षाच्या लग्नाची फिल्म एकदाही न अडखळता तयार झाली. ती खराब पट्टी मात्र स्टुडिओच्या दारात लिंबूमिरचीच्या शेजारी दोऱ्याने लटकते आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, आणि गुंडाप्पा त्याला बसवून घेऊन पहिल्यापासून सांगतो. रुद्रेशला दुकानात जायला दुसरी वाट नाही.

"मेंढरू दारात आलं की विषय मिटला," सिताबाई एकदा म्हणाली. "आपल्यात मागून नाव काढत न्हायत."

"म्या कुठं काढतो, आय? लोक इचारत्यात."

 पुढच्या शनिवारी तिने दारात नवी लिंबूमिरची बांधली आणि पट्टी होती तिथेच राहू दिली.