पुठ्ठ्याखालची आई

सीनरी हा शब्द मला आजही ऐकवत नाही. आमच्याकडे देवाचा असला तर फोटो, मेलेल्याचा असला तरी फोटो, आणि भिंतीवर बाकी काहीही टांगलं की ती सीनरी. मी काढलं होतं ते रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं चित्र. मागे तलाव, वर भरलेलं आभाळ, आणि पुढे आमच्या शेतातल्या बांधीच्या चिखलात वाकलेली माझी आई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात धानाच्या रोपांची जुडी. आई लाजून म्हणाली होती, "मलेच काढलं काय वं? सांगितलं असतं त चांगलं लुगडं तरी नेसली असती." आणि मग कामाच्या मधेमधे येऊन ते चित्र पाहत होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मला बघायला पाहुणे येणार असं ठरलं, आणि मोठ्या बाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, माझ्या चित्रकलेचा एकदम उमाळा आला. त्यांचं सिहोऱ्यात दुकान होतं, घरात शब्द त्यांचाच. पोरीच्या हातचं काहीतरी भिंतीवर दिसलं पाहिजे म्हणे. मला, बाबांना आणि चित्राला घेऊन ते तुमसरला फ्रेमवाल्याकडे गेले.

मला सागवानाची बारीक, साधी पट्टी हवी होती. मोठ्या बाबांनी वेलबुट्टीची सोनेरी उचलली. गणपतीला शोभेल अशी! फ्रेमवाला म्हणाला, "पाण्याचे रंग होत, काचेले चिपकतीन. चारही बाजूनं पुठ्ठा टाका लागते." त्यानं पांढऱ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या चित्रावर मांडल्या.

मोठे बाबा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "खालचा पुठ्ठा जरा वर घे."

त्यानं घेतला. आईचे पाय गेले.

"अजून घे."

गुडघे गेले, हात गेले, जुडी गेली. शेवटी डोक्यावरचा पदरही गेला आणि उरला नुसता तलाव.

"आता कशी सीनरी दिसते!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मोठे बाबा, थे माय होय माही!"

"माहीत हाये मले. म्हणूनच झाकून राहिलो. पाव्हण्यायले का घरची बाई चिखलात दाखवतं?"

आणि बाबा? ज्यांच्या बांधीत ती दरवर्षी कंबर मोडेपर्यंत वाकायची, ते माझे बाबा मूग गिळून दुकानातल्या देवांकडे बघत बसले. मोठ्या बाबांचा मला राग आला, पण बाबांचा जो आला तो अजून उतरलेला नाही.

घरी आईनं फ्रेम पाहिली. काचेवर बोट ठेवून थोडं शोधल्यासारखं केलं आणि म्हणाली, "चांगली दिसते." झालं. एवढंच बोलून चुलीकडे गेली.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी विळ्याच्या टोकानं मागचे खिळे उपसले, पुठ्ठा काढून चुलीत घातला आणि चित्र तसंच काचेला लावून पुन्हा भिंतीवर टांगलं. चिपकू दे चिपकलं तर! मोठ्या बाबांचं लक्ष गेलं तेव्हा पाहुणे दारात चपला काढत होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की खाऊ की गिळू.

मी पाटावर बसले. आई पोह्यांचा ट्रे घेऊन आली. "पोरीनंच केले हायेत पोहे," मोठे बाबा तोंडभर हसून म्हणाले, "अन् थे सीनरीही तिच्याच हातची."

मुलाची आई उठून चित्राजवळ गेली. "सुंदर हाये. हे रोवणा करणारी कोण होय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच घाईघाईनं बोलली, "कोणी नाही जी. मजूर बाई होय."

तिनं, तिच्या तोंडानं! मी पाटावरून उठले. आई दबक्या आवाजात म्हणाली, "चूप बस वं."

"माही माय होय थे," मी म्हटलं, "अन् पोहेही तिनंच केले हायेत. घ्या."